कपाटामागची वायर

३ फेब्रुवारी

भाऊजी,

सुखरूप पोचले. विमानात कान दुखले तेवढे, बाकी त्रास नाही. कंपनीचा माणूस न्यायला आला होता. ह्यांच्याच खात्यातला, चष्म्याच्या काचा घासणारा. बोटांची टोकं ह्यांच्यासारखीच गुळगुळीत झालेली. वाटेत त्याने एवढंच सांगितलं की हे जेवणाच्या सुट्टीत खुर्चीत बसले होते, डबा उघडलेला होता, आणि घंटा झाली तरी उठले नाहीत. हे तुमच्याकडून कळलेलंच होतं, तरी मी परत ऐकून घेतलं.

खोली तिसऱ्या मजल्यावर. खाली घरमालकिणीचं केस कापायचं दुकान. बाई मोकळी आहे, पण तिची भाषा मला येत नाही आणि माझी तिला, त्यामुळे दोघी मिळून तिसऱ्याच भाषेची मोडतोड करतो आणि काम भागवतो. ती म्हणाली, "ते गेल्याचं कळलं त्याच दिवशी मी कुलूप लावलं. किल्ली माझ्याच कमरेला. आत कोणी गेलेलं नाही." आणि दार उघडलं तर टेबलावरचा दिवा चालू. भरदुपारी. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, दिवा तेव्हापासूनच चालू आहे. गेलेल्या माणसाच्या खोलीतला दिवा विझवणं तिच्या जिवावर आलं.

म्हणजे इतके आठवडे तो एकटा जळत होता. मला पासपोर्ट मिळायला उशीर झाला नसता तर एवढा जळला नसता.

आता तुमच्या विषयातलं. तुम्ही बजावलं होतं तरी मी घरची किटली आणलीच. तिच्या तीन गोल पिना आणि इथल्या भिंतीला दोन चपट्या फटी. चौकोनी ठोकळा गोल भोकात जात नाही हे पोरांना शिकवण्याबद्दल बालवाडीत मी पगार घेते, आणि इथे जमिनीवर बसून स्वतः तेच करत होते. मग टेबलाखाली तुमचा हिरवा ट्रान्सफॉर्मर दिसला. धुळीत बसलेला, गरम, हळू घुमणारा. त्याचा एक प्लग भिंतीत आहे, आणि त्याच्या अंगावर आपल्यासारखी दोन सॉकेटं आहेत. एकात दिवा. दुसऱ्यातून जाड वायर निघून कपाटामागे जाते. कपाट भिंतीला खिळे ठोकून बसवलंय, त्यामुळे मागचं दिसत नाही.

दिवा मात्र नीट जळत नाही. मंद होतो, उजळतो, परत मंद होतो. फार नाही, पुस्तक धरलं की कळेल इतपत. झोपलेल्या माणसाची छाती वरखाली होते ना, तसं काहीसं. हे असं का, ते कळवा. आणि किटली कुठे लावू तेही.

छोटीला सांगा, आई महिन्याभरात येते. काकूला त्रास देऊ नकोस म्हणावं.

तुमची वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

पत्र आलं. छोटी बरी आहे. काकूपेक्षा मलाच जास्त त्रास देते. दुकानात येऊन तांब्याच्या तारेच्या बांगड्या करत बसते.

पहिलं म्हणजे किटली बॅगेत परत टाका. तिथली वीज आपल्या निम्म्या दाबाची आहे. नुसत्या पिना बदलून भिंतीत लावलीत तर पाणी कोमट होऊन बसेल. माझ्या डब्याला, म्हणजे त्या ट्रान्सफॉर्मरला, लावलीत तर डबा दाब दुप्पट करून देईल, पण एवढा भार त्याला पेलणार नाही. कॉइल जळेल. त्या बाईकडून तिथलंच एखादं भांडं मागून घ्या, काही बिघडत नाही.

दिव्याचं कारण सोपं आहे. खाली केस कापायचं दुकान म्हणालात. तिथे केस वाळवायची यंत्रं असणार. ती फार वीज खेचतात. ती चालू झाली की वरच्या दिव्याला कमी मिळते, बंद झाली की परत उजळतो. आमच्या दुकानात मोटर टेस्टला लावली की शेजारचा शिंपी रोज ओरडतो, त्यातलंच हे.

कपाटामागची वायर अर्थिंगची असणार. विजेच्या बाबतीत दादा पहिल्यापासून भित्रा. नळाच्या पाइपाला वगैरे बांधली असेल. तिला हात लावू नका.

हा डबा मी दादाला दुसऱ्यांदा करून दिलेला. पहिला लहान होता. वर्षापूर्वी त्याने मोठा मागवला, मी तार गुंडाळून वाइंड केला, रंग दिला, येणाऱ्या माणसाबरोबर पाठवला. तो घुमतो असं तुम्ही लिहिलंत, ते वाचून जरा वेळ काम सुचलं नाही. सह्या उरका, सामान बांधा आणि या. त्या खोलीत जास्त दिवस राहू नका.

तुमचा दीर


२० फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र घेऊन मी खाली गेले. तुम्ही म्हणालात तशी यंत्रं आहेत, डोक्यावर मोठं भांडं पालथं घालावं तशी. घरमालकिणीने हौसेने एकेक चालू करून दाखवलं, माझेही केस वाळवून दिले. मला वाटलं, झालं, उलगडा झाला.

पण परवा दुकानाची सुट्टी होती. बाई बहिणीकडे गेलेली, खाली कुलूप. आणि दिवा तसाच. मंद, उजळ, मंद. मी त्याच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिले. थोड्या वेळाने लक्षात आलं की माझाही श्वास त्याच्या तालावर चालला आहे.

मग मी कपाट उघडलं. आत ह्यांचे शर्ट टांगलेले आहेत, अजून काढलेले नाहीत. त्या शर्टांमध्ये डोकं घालून मागच्या फळीला कान लावला. भाऊजी, भिंत श्वास घेते. आधी लांब ओढ, मग फुस्स, मग थोडं थांबून परत. पाण्याचा पाइप असा वाजत नाही, हे मलाही कळतं.

बाई आली तेव्हा तिला विचारलं, पलीकडे कोण राहतं? ती मला हाताला धरून रस्त्यावर घेऊन गेली. शेजारचं घर आपल्याला चिकटूनच आहे, भिंत एकच. पण खिडक्यांना फळ्या मारलेल्या, दाराला साखळी. मालक वारला, मुलं भांडली, घर बंद पडलं. वीजसुद्धा कापून नेली. "तिकडे उंदीरही राहत नाही," ती म्हणाली. "त्याला तरी खायला काय मिळणार?"

तुम्ही हसाल म्हणून पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं, पण मी दिवा विझवत नाही. स्वयंपाक करते, कपडे वाळत घालते, आणि त्याच्याशी बोलते. ह्यांनी इथे इतकी वर्षं काढली आणि मला ही खोली माहीतसुद्धा नव्हती. घरी यायचे ते पाहुण्यासारखे. आता पहिल्यांदाच आम्ही एका खोलीत एवढे दिवस आहोत, असं वाटतं. वाटतं म्हणजे, आहोत.

सह्या झाल्या आहेत. सामान बांधायचं आहे.

तुमची वहिनी


२८ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र मी बायकोला दाखवलं नाही. छोटीला तर नाहीच.

तुम्ही मला वडीलधाऱ्या आहात, तुम्हाला शिकवायचा माझा हक्क नाही. पण आज थोडं रागावून लिहितो. दादा गेला. तो दिव्यात नाही आणि भिंतीतही नाही. तो गेल्यावर मीही रिकाम्या घरात त्याची खुर्ची हलल्याचं ऐकलंय, ते कसं असतं मला माहीत आहे. पण मी खुर्चीशी बोलत बसलो नाही.

आता नीट वाचा. कपाटामागची वायर अर्थिंगची आहे हे माझं म्हणणं चुकलं. अर्थिंगची वायर अशी सॉकेटातून काढत नाहीत. ती वायर भिंतीत कुठेतरी ओलीत पडली असणार, सोलली गेली असणार, आणि तिच्यातून वीज झिरपते आहे. म्हणून दिवा मंद होतो, म्हणून भिंत फुसफुसते, म्हणून डबा गरम आहे. तुम्ही म्हणता श्वास. मी म्हणतो उद्या आग. बंद घराच्या भिंतीत आग लागली तर वरून खाली येईपर्यंत जिना राहणार नाही.

पत्र मिळाल्याबरोबर डब्याचा भिंतीतला प्लग ओढून काढा. दिवा नको, वायर नको, काही नको. डबा पेटीत घाला आणि पहिल्या विमानाने या. छोटी रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसते. का बसते विचारलं तर म्हणते, बसले अशीच.

एवढं ऐका माझं.

तुमचा दीर


४ मार्च

वहिनी,

आधीचं पत्र पोचलं असेल नसेल. त्यात सांगितलं ते करू नका. प्लग काढू नका. काढला असेल तर हे पुढचं वाचायच्या आधी उठा आणि परत लावा.

आज सकाळी दुकानात एक पाण्याचा पंप दुरुस्त करून टेस्टला लावला. त्याच बोर्डावर दिवा होता. पंपाने ओढ घेतली की दिवा मंद, सोडलं की उजळ. गिऱ्हाईक विचारत होतं, झाला का, आणि मी पंप परत परत चालू करून बघत होतो. सोललेली वायर असं करत नाही, वहिनी. ती एकदा वीज खायला लागली की खातच सुटते. ओढायचं, सोडायचं, परत ओढायचं, हे फक्त चालू असलेला पंप करतो. तुमच्या भिंतीपलीकडे काहीतरी चालू आहे, आणि ते दादाने चालू ठेवलं होतं.

आणखी एक. मोठा डबा मागवताना त्याने फोनवर विचारलं होतं, "रात्रंदिवस चालेल ना? मध्ये थांबून चालायचं नाही." मी म्हटलं, काय फ्रिज घेतलास काय? तो हसला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मीही पुढे विचारलं नाही. त्याला स्वतःबद्दल विचारलेलं आवडायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

तुम्ही सुरुवातीपासून खरं तेच लिहीत होतात, आणि मी इथे बसून शहाणपणा करत होतो. पलीकडे कोण आहे मला माहीत नाही. पण कोणीतरी आहे.

आत्ता तारही करतो आहे. ती आधी पोचावी.

तुमचा दीर


७ मार्च, सकाळ

भाऊजी,

तुमचं रागावलेलं पत्र काल मिळालं. राग आला नाही. छोटी पायरीवर बसते हे वाचलं आणि ठरवलं, बास.

आज सकाळी उठून अंघोळ केली, ह्यांचे शर्ट घड्या करून पेटीत ठेवले, आणि भिंतीतला प्लग ओढला. घट्ट बसला होता, दोन्ही हात लावावे लागले. दिवा विझला. डब्याचं घुमणं थांबलं, आणि भिंतीचा श्वासही. खोली एवढी गप्प झाली की खालच्या कात्रीचा आवाज वर यायला लागला. वाटलं, आता खरंच गेले. मग हे लिहायला बसले. तुम्ही म्हणालात ते

थांबा.

भिंतीवर वाजलं. दोन टकटका, आणि थोडं थांबून एक.

भाऊजी, ही टकटक कोणाची ते तुम्हाला माहीत आहे. घरी उशिरा यायचे तेव्हा दारावर हे अशीच वाजवायचे, मी घाबरू नये म्हणून. दोन आणि एक. मी कपाटात हात घालून तशीच वाजवली. लगेच उत्तर आलं.

मी विचारलं, "रागावलात का, दिवा विझवला म्हणून?" लगेच वाजलं. मी म्हटलं, "छोटी वाट बघते हो." परत वाजलं. मी मधूनमधून इकडे येऊन लिहिते आहे आणि जाऊन वाजवते आहे. हसूही येतंय आणि डोळेही वाहताहेत. तुम्ही म्हणालात ते भिंतीत नाहीत. मग माझ्याशी हे कोण बोलतंय? आता जरा हळू झालंय. परत जाते.


७ मार्च, दुपार

वरचं लिहिलेलं खोडत नाही. फाडावंसं वाटलं, पण राहू दे.

टकटक हळू होत गेली. दोन व्हायच्या आणि तिसरी यायला वेळ लागायचा. मग पहिल्या दोन टकटकांमध्येही अंतर पडायला लागलं. मला वाटलं, दूर चालले. मी मुठीने वाजवलं, थांबा म्हणून. एक आली, आणि तिच्यामागून घासल्यासारखा आवाज, भिंतीवरून नखं खाली ओढत न्यावीत तसा.

आणि मला आई आठवल्या. तुमच्या आई. दमा उसळला की हाक मारायला आवाज नसायचा, म्हणून पलंगाच्या दांडीवर अंगठीने वाजवायच्या. आधी भराभर, मग थांबून थांबून, मग नुसतीच अंगठी दांडीवरून घसरायची. तो आवाज ऐकून मी इतकी वर्षं उठत आले. कपाटात अर्धी आत उभी होते आणि एकदम कळलं. मेलेलं माणूस दमत नाही, भाऊजी. भिंतीपलीकडचं माणूस दमत होतं. ते मरत होतं, आणि मी त्याच्याशी गप्पा मारत होते.

प्लग लावायला धावले. त्या दोन चपट्या पिना फटीत जाईनात. एकदा वर लागतात, एकदा खाली. मी काय बोलत होते देव जाणे. शेवटी डाव्या हाताने उजवा हात धरला आणि ढकलला. डबा घुमला. दिवा लागला आणि तसाच राहिला, स्थिर. मी त्याच्याकडे बघत होते. असा लख्ख, न हलणारा दिवा मला इतका भयंकर कधी वाटला नव्हता. मग तो मंद झाला. उजळला. परत मंद झाला.

मी कपाटावर वाजवलं. दोन आणि एक. काही नाही.

खाली धावले. घरमालकिणीच्या खुर्चीत एक बाई अर्धे केस कापून बसलेली. मी तिला ओढलंच. घरमालकिणीला, त्या बाईला नव्हे. मागच्या अंगणातून पलीकडच्या घराचं एक छोटं दार आहे. त्याला बाहेरून कुलूप दिसतं, पण कडीचे खिळे सैल होते, ओढल्यावर अख्खी कडी हातात आली. आत अंधार, बंद घराचा वास. जिना चढताना ती मला धरून होती आणि मी तिला.

वरच्या खोलीत आमच्या भिंतीला लागून पलंग होता. त्यावर एक म्हातारा. नाकात नळी, ओठ जांभळे, एक हात अजून भिंतीवर टेकलेला. पलंगाखाली लहान कपाटाएवढं यंत्र, तेच श्वास घेत होतं, लांब ओढ आणि फुस्स. त्याचा प्लग भिंतीतून आलेल्या वायरीत खोचलेला. तीन गोल पिना. आपल्यासारख्या.

मी त्याचं डोकं वर उचललं, आईंचं धरायचे तसं छातीला टेकवून धरलं. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याने डोळे उघडले.

घरमालकीण जमिनीवर बसली. "हा तर इथला राखणदार," ती म्हणाली. "वीज कापली तेव्हाच गेला ना हा?"

डॉक्टर येऊन गेला. छाती भरली आहे, पण निभेल म्हणाला. यंत्र थांबता कामा नये, हे त्याने मला बोट दाखवून दोनदा सांगितलं.

तुमची वहिनी


१७ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं आणि शटर ओढून घेतलं. त्या दिवशी काम केलं नाही.

काय लिहू? तो माणूस वाचला तो तुमच्या कानांमुळे. मरता मरता राहिला तो माझ्या पत्रामुळे. तार कधी मिळाली ते लिहिलं नाहीत. उशिराच मिळाली असणार.

आता कामाचं बोलतो, तेच मला जमतं. डब्यावरचा दिवा काढा. तेवढाच भार हलका होईल. डब्याखाली दोन विटा ठेवा, खालून वारा लागू द्या. वरून काही झाकू नका. पिनांना काळं आलं असेल तर प्लग काढून पुसायच्या भानगडीत पडू नका, तसंच चालू द्या. दुसरा डबा वाइंड करायला घेतला आहे.

छोटीला सांगितलं, आई तिकडे एका आजोबांची वीज सांभाळते आहे. तिने विचारलं, कशी सांभाळते, हातात धरून? मी हो म्हटलं.

म्हाताऱ्याचं पुढे काय करणार? आणि त्याला दादाबद्दल माहीत आहे का?

तुमचा दीर


२ एप्रिल

भाऊजी,

तार ८ तारखेला आली. तिच्याबद्दल आता बोलायचं नाही. माझ्या हाताने प्लग काढला, माझ्याच हाताने लावला. तुम्ही एवढ्या लांबून काय बघणार होतात?

दुसरा डबा पाठवू नका, लागणार नाही. कारण सांगते.

राखणदाराकडे मुलीचा पत्ता होता. घरमालकिणीने तिला कळवलं. तीही परदेशातच असते, आपल्यासारख्याच विजेच्या देशात. यंत्र तिनेच बापाला घेऊन दिलेलं, म्हणून त्याच्या पिना तशा. ती गेल्या आठवड्यात आली. वडील चांगल्या घरात, गरम पाण्याच्या खोलीत राहतात, असं तिला वाटत होतं. तो पलंग बघून ती जिन्यातच बसली. म्हाताऱ्याने तिला सांगितलंच नव्हतं. घराची वीज कापली तेव्हा हे एक दिवस अंगणात त्याला दम खात बसलेला पाहून थांबले, घरात घेऊन आले, चहा दिला. चार दिवसांनी कारखान्यातून ड्रिल आणून भिंतीला भोक पाडलं. बाकी सगळं तुम्हाला माहीतच आहे. थोडा वेळ नळी काढून तो कोपऱ्यावरून पाव आणि डबाबंद खाणं आणू शकायचा, त्यावर त्याचं चाललं होतं. मी प्लग काढला त्या दिवशी ताप चढून उठण्यासारखाही नव्हता.

तुम्ही विचारलंत, त्याला ह्यांच्याबद्दल माहीत आहे का. नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने खुणेने विचारलं होतं, ते कुठे? मी दोन्ही हात गालाखाली धरून डोळे मिटले. त्याने मान हलवली. त्याला वाटलं झोपलेत, आजारी आहेत. मीही तसंच चालू दिलं. रोज पेज भरवायला जायचे आणि त्याच्या नजरेतला प्रश्न टाळायचे.

मुलीला माझी मोडकीतोडकी भाषा कळते. तिच्याकरवी मी त्याला खरं सांगितलं. कोणत्या दिवशी गेले तेही सांगितलं. तो ऐकून नाही नाही करत राहिला. मला वाटलं, दुःखाने. मग मुलगी म्हणाली, "ते म्हणतात, तुमचा दिवस चुकतोय."

ती ते शांतपणे सांगत होती, भाऊजी, तिला काही वेगळं वाटतही नव्हतं. ती म्हणाली, हे रोज सकाळी कामावर जायच्या आधी भिंतीवर वाजवायचे, दोन आणि एक, आणि हा तसंच उत्तर द्यायचा. म्हणजे बरा आहे हे ह्यांना कळायचं. ऐन थंडीत हे भेटायला यायचे बंद झाले. म्हाताऱ्याला राग आला होता. पण टकटक कधी चुकली नाही. रोज सकाळी व्हायची. उत्तर द्यायला उशीर झाला तर परत व्हायची. मी आले त्या दिवशी सकाळीसुद्धा झाली. दुसऱ्या दिवसापासून थांबली.

मी खाली जाऊन घरमालकिणीला परत विचारलं. तिने कमरेची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "एकच आहे. आंघोळीलासुद्धा काढत नाही." काय झालं असं तिने विचारलं. मी काही सांगितलं नाही. तिला ह्या घरात राहायचं आहे.

परत वर गेले. म्हातारा रडत होता. मी त्याच्या शेजारी बसले आणि खरं सांगते, मला ह्यांचा राग आला. त्या आठवड्यांत मी घरी पांढरीफटक पडून दाराकडे कान लावून बसत होते. शेजारच्या कोणाचं दार वाजलं तरी उठत होते. मला एक टकटक नाही. आणि इथे रोज, न चुकता, ज्याचं आमच्याशी काही नातं नाही त्याला. मी हे मुलीला बोलून दाखवलं. तिने भाषांतर केलं नाही. पण म्हाताऱ्याला काय कळलं कोण जाणे, त्याने माझा हात घेतला आणि पलंगाच्या कडेवर बोटाने वाजवलं. दोन आणि एक. ह्यांच्याइतकं चांगलं नाही, पण बरंच जमतं त्याला. मग माझा राग गेला. म्हणजे बराचसा गेला.

काल ते दोघे गेले. वाटेसाठी मुलीने बॅटरीची सोय केली होती. यंत्राचा प्लग तिने रुमालात गुंडाळून हातात धरला होता. तिकडे तो सरळ भिंतीत बसेल, डबा नको, वायर नको. गाडी वळेपर्यंत घरमालकीण हातात कंगवा घेऊन रस्त्यात उभी होती.

मग मी वर येऊन हिरवा डबा बंद केला. गार व्हायला त्याला संध्याकाळ लागली. भिंतीतलं भोक गवंडी येऊन बुजवून जाईल. शनिवारी निघते, रविवारी दुपारी पोचते. छोटीला आणू नका, ऊन असेल. आणायचंच असेल तर टोपी घाला.

आणखी एक. मी इथे असताना तुमच्या दुकानाच्या शटरवर कधी कोणी दोन आणि एक वाजवली असेल, तर मला सांगू नका. निदान विमानतळावर तरी सांगू नका.

तुमची वहिनी